ब्रेकला फ्रिजची नळी!

तीन महिन्यांपूर्वी "सगळे पाइप नवीन टाकलेत" म्हणून ज्या मेकॅनिकनं मोजून पैसे घेतले, त्यानं माझ्या वडिलांच्या १९७६च्या प्रीमियर पद्मिनीच्या ब्रेकला फ्रिजची तांब्याची नळी लावली होती. फ्रिजची! गेल्या रविवारी चांदणी चौकाच्या उतारावर पेडल थेट खाली जाऊन टेकलं. मागे आई बसलेली. हँडब्रेक ओढून, गिअर पाडून गाडी कशीबशी कडेला घेतली. वाकून बघतो तर मागच्या चाकाजवळ नळी जोडापाशीच चिरलेली, टायरवर ब्रेक ऑइलचे ओघळ.

जाब विचारला तर म्हणतो, "तांबं गंजत नाही ना साहेब, काय होतंय त्याला?" अरे, गंजत नाही, पण हादरे खाऊन कडक होतं आणि तडकतं! करकचून ब्रेक दाबला की त्या नळीत टायरमधल्या हवेच्या कितीतरी पट दाब येतो. माझ्या गाडीत ब्रेक ऑइलचं एकच सर्किट आहे. एक नळी गेली की चारही चाकांचे ब्रेक गेले. त्यात नळीच्या टोकाला सिंगल फ्लेअर, म्हणजे तोंड एकदाच पसरवलेलं. ब्रेकच्या नळीचं तोंड आत दुमडून डबल करावं लागतं, नाहीतर बबल, म्हणजे फुगीर, जोडाला जे बसेल ते. त्याचं टूल नसेल तर काम घेताच कशाला? नळी आवळणाऱ्या फ्लेअर नटाचा पाना वेगळा असतो, तोही नाही. साध्या पान्यानं सगळ्या नटांचे कोपरे झिजवून गोल करून ठेवलेत.

आणि पेट्रोलची लाइन! डिकीतल्या टाकीपासून पुढच्या पंपापर्यंत मधल्या जोडांना पारदर्शक प्लास्टिकची नळी, क्लॅम्पऐवजी बायंडिंग वायर. एके ठिकाणी सायलेन्सरच्या पाइपाला जवळजवळ चिकटलेली. हल्ली पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं, जुनं रबरसुद्धा त्यात टिकत नाही. ही नळी तर तीन महिन्यांत लाकडासारखी टणक झाली, बोटानं वाकवली तर तुटली. तिथून तापलेल्या सायलेन्सरवर पेट्रोल ठिबकलं असतं तर आज मी हे लिहायला नसतो.

तांबं-निकेलची ४.७५ मिलिमीटरची नळी आणि इथेनॉलला टिकणारे होज मागवलेत. काल त्याचा फोन आला, "सामान आणून द्या, फुकटात बसवून देतो." माझ्या गाडीला हात लावायचा नाही. पैसे परत कर, एवढंच त्याला सांगितलंय.