मामा व्हा, मालक होऊ नका

नाशिकला गंगापूर रोडच्या पुढे मळ्यात मिसळीचं हॉटेल टाकताय? उत्तम. झोपाळे टांगा, बैलगाडी उभी करा, पापड-दही-जिलबीचं बघा. राहता राहिला टेबल पुसणारा. मोठा माणूस ठेवलात तर तो पगार मागतो, सुट्टी मागतो आणि दिवाळीला गावी गेला की देवदिवाळीपर्यंत उगवत नाही. त्यापेक्षा पोरगंच बरं. पेठ-सुरगाण्याच्या आदिवासी पाड्यांकडून आणा. फक्त त्याला नोकर म्हणू नका, भाचा म्हणा. भाच्याला पगार देत नाहीत, खाऊला देतात.

हसू नका, यात कायद्याचा अभ्यास आहे. बालकामगार कायद्यातल्या 2016 च्या दुरुस्तीनंतर 14 वर्षांखालच्या मुलाला कामाला ठेवता येत नाही. मात्र शाळा सुटल्यावर किंवा सुट्टीत त्याने घरच्या धंद्याला हातभार लावलेला चालतो. आणि घरचे म्हणजे नुसते आईबाप नव्हेत. काका, मामा, आत्या, मावशी सगळे त्यात बसतात. काम धोक्याचं नको, शिक्षण बुडायला नको, अशा अटी आहेत म्हणा. पण उकळता रस्सा धोक्याचा की नाही, हे ज्याला चटका बसतो तोच सांगणार, आणि त्याला विचारतंय कोण?

भांडी घासायचा ओटा मोठ्या माणसाच्या उंचीचा असतो. तो तोडून खाली घ्यायच्या भानगडीत पडू नका. टोमॅटोचं रिकामं क्रेट पालथं घाला. त्यावर उभं केलं की नऊ वर्षांच्या पोराचे हात बरोबर नळाखाली येतात. क्रेट ओलं झालं की सरकतं, म्हणून खाली गोणपाट टाका. नाहीतर काचेचे ग्लास फुटतात.

वयाची काळजी नको. जन्मतारीख गुरुजींनी लावलेली, 1 जून. निम्म्या जिल्ह्याचा वाढदिवस त्याच दिवशी असतो. 'पंधरावं चालूय' एवढं त्याच्याकडून पाठ करून घ्या. बालकामगार विरोधी दिन 12 जूनला येतो, तेव्हा दारात एक फ्लेक्सही लावून टाका. पोराला खिळे धरायला सांगा.

द्राक्षबाग असेल तर एवढाही खटाटोप नको. बापाला उचल द्या. टोळीमागे पोरं आपसूक येतात, विरळणीला त्यांची बारीक बोटं बरी पडतात आणि हजेरी फक्त नवरा-बायकोची लागते. युरोपला जाणाऱ्या मालात औषधाचा अंश किती राहिला, हे प्रयोगशाळेत तपासतात. घडाघडातून फिरलेली बोटं कुणी तपासत नाही, निर्धास्त राहा.

उघड सौदा मात्र करू नका. 2022 मध्ये इगतपुरी तालुक्यातल्या कातकरी वस्तीतली मुलं मेंढ्या राखायला दिल्याचं बाहेर आलं. आईबापांना बदल्यात थोडे पैसे आणि एखादी मेंढी. वेठबिगारी 1976 सालीच कायद्याने बंद झाल्यामुळे सगळ्यांना रीतसर धक्का बसला. बाहेर आलं तेही एक मुलगी दगावली म्हणून. ती जगली असती तर अजून कळपामागेच असती.

सापडलातच तर 20 ते 50 हजार दंड, सहा महिने ते दोन वर्षं कैद, किंवा दोन्ही. पण त्यासाठी कुणीतरी 1098 हा मुलांच्या मदतीचा नंबर फिरवायला हवा. तुमचं गिऱ्हाईक सहकुटुंब आलेलं असतं. स्वतःच्या पोराला झोपाळ्यावर बसवून ते तुमच्या भाच्याला 'ए बारक्या, रस्सा आण गरम' म्हणतं, आणि फोन काढलाच तर मिसळीच्या फोटोसाठी.

एखादी बाई निघतेच चौकस. 'शाळेत जातोस का रे?' विचारते. तेव्हा पोराने 'आज सुट्टीये' म्हणायचं. मिसळीला गर्दी रविवारीच होत असल्यामुळे ते पटतं. मंगळवारी कुणी विचारलं तर मामी आजारी आहे म्हणून सांगायचं.