प्रश्नावली भरायला नको, बनवायला बोलवा

मानसिक आरोग्यावर संशोधन करणाऱ्यांनो, ही पोस्ट तुमच्यासाठी आहे. मी बायपोलर आजारासोबत (यात मनःस्थिती टोकाची वर-खाली होते) जगते आणि आधारगटात जाते. आमच्याकडे अभ्यासक येतात, प्रश्नावली भरून घेतात, आभार मानून जातात. काय विचारायचं, हे मात्र आम्ही नसताना ठरलेलं असतं.

त्यानं काय बिघडतं? ईसीटीचं, म्हणजे लोक ज्याला शॉक म्हणतात त्याचं उदाहरण घ्या. ब्रिटनमधली मनोविकारतज्ज्ञांची संस्था रुग्णांना सांगायची, ८० टक्क्यांहून जास्त लोक समाधानी असतात, स्मरणशक्तीचा त्रास फारसा महत्त्वाचा नसतो. लंडनच्या किंग्ज कॉलेजमधल्या डायना रोझ यांनी स्वतः ईसीटी घेतली होती. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी डॉक्टरांचे २६ अभ्यास आणि रुग्णांनी केलेली किंवा त्यांना सोबत घेऊन झालेली ९ कामं एकत्र तपासली. डॉक्टरांच्या अभ्यासांत समाधान जास्त दिसत होतं. उपचार नुकताच झालेला, माणूस अजून रुग्णालयातच, विचारणारे उपचार करणारेच, प्रश्नही मोजकेच, असं जिथे होतं तिथे उत्तरं गोड येत होती. साहजिकच आहे. ज्यांच्या सहीशिवाय घरी जाता येत नाही, त्यांना कोण सांगेल की लग्नातलं काही आठवत नाही? किमान एक तृतीयांश लोकांनी टिकून राहिलेला स्मृतिनाश सांगितला होता. हे २००३ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आलं आणि तो ८० टक्क्यांचा दावा निराधार ठरवला गेला. (ईसीटीला माझा विरोध नाही. काहींचा जीव तिनं वाचतो.)

आपल्याकडे २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं संशोधनासाठी आमची संमती बंधनकारक केली, हे मोलाचंच आहे. पण संमती म्हणजे सहभाग नव्हे. त्याच कायद्यानं रुग्णांच्या तक्रारी ऐकणाऱ्या पुनरावलोकन मंडळावर शुभार्थी (आजारासोबत जगणारे) किंवा शुभंकरांसाठी (त्यांची काळजी घेणाऱ्यांसाठी) जागा ठेवली आहे. मग संशोधनाच्या आखणीत का नको?

आणि 'किंवा' म्हटलं की खुर्चीवर बहुतेक वेळा शुभंकरच बसतात. माझी आई माझ्यासाठी झिजली आहे, पण गोळीमुळे हात थरथरतो तेव्हा बँकेतल्या सहीचं काय होतं, ते मीच सांगू शकते. तिला मी शांत झोपलेली हवी असते, मला सकाळी सातला कामावर पोचायचं असतं. औषध 'लागू पडलं' याचा अर्थ आम्हा दोघींसाठी वेगळा आहे.

आम्हाला सोबत घेतलं आणि मध्येच तब्येत बिघडली तर, असं अभ्यासक विचारतात. तर सुट्टी द्या, बरं वाटलं की परत घ्या. कामाचे पैसे द्या, चहा-बिस्किटांवर भागवू नका. एकटीला बोलावू नका, दोघातिघांना बोलवा, म्हणजे डॉक्टरांसमोर 'नाही' म्हणायला बळ येतं.

कुणाचा प्रकल्प अजून कागदावर असेल, प्रश्न पक्के व्हायचे असतील, तर इनबॉक्समध्ये लिहा. आमच्या गटातले काही जण तयार आहेत.