वाघनखं, जगदंबा आणि ‘कायद्याने देताच येत नाही’ हा दावा

वाघनखं साताऱ्याला आल्यापासून एक मेसेज फिरतो आहे: ‘ब्रिटिश कायद्याप्रमाणे तिथल्या संग्रहालयांना एकही वस्तू दुसऱ्या संस्थेला देता येत नाही. म्हणून वाघनखं तीन वर्षांच्या बोलीवर मिळाली. जगदंबा तलवार तर विसराच. हा कायदा कधी बदललेला नाही.’ यातली तीन वर्षांची बोली तेवढी खरी.

‘एकही वस्तू देता येत नाही.’ वाघनखं व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमची आणि त्याला १९८३ चा राष्ट्रीय वारसा कायदा लागू आहे. दुबार नग, खराब होऊन निकामी झालेली वस्तू, किंवा जी संग्रहात ठेवण्याजोगी नाही आणि गेल्याने अभ्यासकांचं अडणार नाही अशी वस्तू विश्वस्तांना काढून टाकता येते. शिवाय ठरावीक राष्ट्रीय संस्थांना वस्तू कायमची देता येते. १९९२ च्या कायद्यात त्या संस्थांची यादीच आहे. अडचण एवढीच की यादीतल्या सगळ्या संस्था ब्रिटनमधल्या. त्यात सातारा कुठून येणार? म्हणून उसनवारी. असांते राजघराण्याचं सोनंही या म्युझियमने २०२४ मध्ये घानातल्या कुमासीला असंच तीन वर्षांसाठी पाठवलं.

(ही वाघनखं महाराजांचीच, याची खात्री म्युझियम स्वतःही देत नाही. सोबतच्या पेटीवरचा इंग्रजी मजकूर तर अफजलखानाला मुघल सेनापती करून टाकतो!)

‘तिथल्या संग्रहालयांना’ म्हणजे नेमकं कोणाला? ही बंधनं राष्ट्रीय संग्रहालयांवर आहेत. ग्लासगोची संग्रहालयं तिथल्या नगर परिषदेची. तिने २०२२ मध्ये भारताला सात वस्तू परत देण्याचा करार केला. त्याच वर्षी लंडनच्या हॉर्निमन म्युझियमने धर्मादाय आयोगाची संमती घेऊन बेनिन या (आजच्या नायजेरियातल्या) जुन्या राज्यातल्या ७२ वस्तूंची मालकी नायजेरियाला दिली. आणि वस्तू खासगी मालकीची असेल तर यातला कुठलाच कायदा आड येत नाही. रघुजी भोसल्यांची तलवार राज्य सरकारने २०२५ मध्ये लंडनच्या लिलावात सरळ विकत घेतली.

जगदंबा म्हणून ओळखली जाणारी तलवार ब्रिटिश राजघराण्याच्या संग्रहात आहे. तिला १९८३ चा कायदा लागू नाही आणि ब्रिटिश म्युझियमचा १९६३ चाही नाही. १८७५-७६ च्या दौऱ्यात प्रिन्स ऑफ वेल्सला ती कोल्हापूरच्या चौथ्या शिवाजी महाराजांकडून भेट मिळाली. म्हणजे इथे आडवा येतो तो कायदा नव्हे, ‘भेट’ हा कागदोपत्री शेरा. महाराज तेव्हा जेमतेम बारा वर्षांचे होते. इंग्रजी अमलाखालच्या संस्थानातल्या अशा भेटीला स्वखुशीची म्हणायचं का, वाद घालायचा तर तो यावर घालावा.

राहिला ‘कधी बदललेला नाही’. नाझींनी आर्थर फेल्डमान यांच्याकडून लुटलेली चार चित्रं ब्रिटिश म्युझियमला परत द्यायची होती. २००५ मध्ये न्यायालयाने सांगितलं की नैतिक कर्तव्य कितीही वाटलं तरी १९६३ च्या कायद्यापुढे ते चालणार नाही. मग २००९ मध्ये संसदेने नाझी काळातल्या लुटीपुरता वेगळा कायदा केला. त्याआधी २००४ मध्ये मानवी अवशेषांसाठी सवलत दिली होतीच. वसाहतींतून गेलेल्या वस्तूंसाठी तसा अपवाद केलेला नाही, आणि तो करणं संसदेच्या हातात आहे. वाघनखं कायमची हवी असतील तर मागणी तिथे न्यावी लागेल. म्युझियमच्या विश्वस्तांना पत्रं धाडून भागणार नाही.