पंधरावं मिनिट

बँकेतून निवृत्त होऊन देवबागला घरी परतलो आणि फायबरची एक छोटी होडी घेतली. होडीबरोबर एक जुनं टू-स्ट्रोक आउटबोर्ड मशीन, म्हणजे होडीच्या मागे लावायचं इंजिन आलं, 9.9 हॉर्सपॉवरचं. वरचा पॉइंट एक कुठे गेला, हे हिशेबाच्या माणसाने तेव्हाच विचारायला हवं होतं.

मशीन एका दोरीत सुरू व्हायचं. कर्लीच्या खाडीत झकास पळायचं. साधारण पंधराव्या मिनिटाला मात्र आवाज बसायचा, दोन आचके, आणि मग फक्त पाण्याची चुळुकचुळुक. थोडी खुडबुड केली की गडी पुन्हा ताजातवाना. पुढची पंधरा मिनिटं.

किनाऱ्यावर सल्ल्याला तोटा नव्हता. एकाने प्लग काढायला लावला. काळा, तेलकट निघाला. नवा घातला. दुसरा म्हणाला, तेल जास्त पडतंय. मी तर पंचवीस लिटर पेट्रोलात अर्धा लिटर तेल, अगदी मापाने घालत होतो. तिसऱ्याने टाकीचं झाकण उघडून वास घेतला आणि म्हणाला, "पेट्रोलात पाणी आसा." इथेनॉल पाणी ओढतं हे खरं, म्हणून सगळं पेट्रोल गाळून घेतलं. चौथ्याने पंख्याला गुंडाळलेली प्लॅस्टिकची पिशवी काढली. पाचवा मशीनमधून पडणारी थंडाव्याच्या पाण्याची धार बघत बसला. धार बारीक झाली की काळजी करायची, हे माझ्या वयाच्या माणसाला शिकवायची गरज नव्हती.

गंमत म्हणजे प्रत्येक इलाज लागू पडला. पंधरा मिनिटांपुरता.

शेवटी मशीन मिस्त्रीकडे नेलं. त्याने ते पाण्याच्या पिंपात लावलं, नळी आपल्याच डब्यात सोडली आणि तासभर चालवलं. डॉक्टरच्या दारात ताप उतरलेलं पोर जसं उंडारतं, तसं ते चाललं. तरी त्याने कार्बोरेटर साफ केला, पैसे घेतले आणि म्हणाला, "मशीनाक कायएक झालेला नाय, काका. तुमका सवय नाय."

मग मी वही घातली. टाकी भरलेली: 8 मिनिटं. अर्धी: 20. पेट्रोल जितकं जास्त, तितकं मशीन लवकर बंद! बँकेतही असे काही खातेदार पाहिले होते, पण इथे अर्थ लागेना. शेजाऱ्याने निदान केलं, "वरचा पेट्रोल वायट असतला."

त्यातच डोंबिवलीहून मेहुणे आले. त्यांना डॉल्फिन बघायचे होते. टाकी काठोकाठ भरली. आठव्या मिनिटाला, ऐन संगमाच्या तोंडावर, मशीन बसलं. सुकती, म्हणजे ओहोटी लागलेली. होडी सावकाश समुद्राकडे निघाली आणि मेहुणे लाइफ जॅकेटची बकलं मोजू लागले. मी दोरी ओढतोय, ओढतोय. सौ. शांतपणे म्हणाल्या, "अहो, ते बघा, कोणीतरी येतंय."

एक म्हातारा मच्छीमार आपली होडी घेऊन आला, दोर फेकला. मशीनकडे त्याने पाहिलंसुद्धा नाही. टाकीपासून मशीनकडे जाणाऱ्या नळीवरचा रबरी फुगा त्याने बोटाने दाखवला. चोखून टाकलेल्या रायवळ आंब्यासारखा तो चपटा झाला होता. मग त्याने टाकीच्या झाकणावरचा बारका स्क्रू दोन आटे सैल केला. फुस्स! टाकीने वारा ओढून घेतला आणि फुगा हळूहळू टम्म फुगला.

"ह्येचा नाक दाबून धरल्यावर ता चलतला कसा?"

डोक्यात लख्ख पडलं. पेट्रोल संपतं त्या जागी हवा शिरली नाही तर टाकी आतून ओढून धरते. भरलेल्या टाकीत हवा मुळातच कमी, म्हणून आठ मिनिटं. आणि आजवर प्रत्येक वैद्याने काही ना काही कारणाने झाकण उघडलं होतं. इलाज तेवढाच झाला होता.

"पण हा स्क्रू आवळला कोणी?" मेहुण्यांनी विचारलं.

पहिल्या दिवशी टाकी गाडीतून आणताना पेट्रोलचा वास येतो म्हणून सौ. कुरकुरल्या होत्या. तेव्हा मी तो पकडीने आवळला होता, चांगला दम लावून. मी सौं.कडे पाहिलं. त्या डॉल्फिन शोधत होत्या.

गावात मी कार्बोरेटरचंच नाव सांगितलं. मिस्त्रीकडे आता गिऱ्हाईक वाढलंय. परवा एकाची होडी खाडीत अडली, तर लोकांनी त्याला माझ्याकडे धाडलं. मी गंभीर चेहऱ्याने प्लग काढला, पुसला, परत बसवला आणि जाता जाता, कोणाचं लक्ष नाहीसं बघून, झाकणावरून हात फिरवला.