बर्फ कमी, दूध जास्त

आमच्या घरात माणसं पाच आणि आइस्ड लाटे सात प्रकारची. हिशेब चुकलेला नाही. नवरा दोनदा मत बदलतो.

घट्ट, कडक कॉफी काढणारं एस्प्रेसोचं यंत्र घरात आलं तेव्हा मला वाटलं होतं, बटण दाबायचं, बर्फावर ओतायचं, दूध घालायचं, झालं. सासूबाईंनी पहिल्याच दिवशी विचारलं, "लाटे म्हणजे काय गं? कोणाचं काय लाटायचंय?" मी सांगितलं, इटालियनमध्ये लाटे म्हणजे नुसतं दूध. तिकडे कुणी 'एक लाटे' म्हणालं तर दुधाचा ग्लास पुढ्यात येतो. त्या म्हणाल्या, "मग दूधच म्हण की. नाव बदललं म्हणून भांडी कमी पडतात का?"

भांडी कमी पडत नाहीत. हे मी आता अनुभवाने सांगते.

एस्प्रेसो हे मुळात नाकावर राग असलेलं प्रकरण. १८ ग्रॅम पूड, त्यातून साधारण ३६ ग्रॅम कॉफी, वेळ २५ ते ३० सेकंद, दाब ९ बार. दळण जरा जाड राहिलं की पाणी पुडीची विचारपूसही न करता धावत खाली येतं आणि कॉफी आंबट. जरा बारीक झालं की थेंब, थेंब, आणि कडूजहर. जन्मभर स्वयंपाक अंदाजाने केलेली मी आता सकाळी केस विंचरायच्या आधी सोनारासारखी काट्यासमोर वाकलेली असते. अर्धा ग्रॅम जास्त पडला तर चिमटीने परत काढते. आमच्या लग्नात दागिने घेतानासुद्धा मी इतकी काटेकोर नव्हते.

एवढं करून काढलेला तो दोन घोटांचा ऐवज मी बर्फावर ओतला आणि बर्फ गायब. ग्लासात उरलं ते रंगीत पाणी. मी हळहळत असताना चिरंजीव मागून म्हणाले, "अप्रकट ऊष्मा, आई." मग पुस्तक आणून दाखवलं. १ ग्रॅम बर्फ वितळायला साधारण ८० कॅलरी लागतात, आणि १ ग्रॅम पाणी ८० अंशांवरून शून्यावर आणायलाही तेवढ्याच. म्हणजे ८० अंशांची ३६ ग्रॅम कॉफी पुरती गार करायची तर जवळजवळ तिच्याच वजनाच्या बर्फाचं पाणी होणारच. मी म्हटलं, आधी दुधात ओतू, बर्फ मागाहून घालू. तो म्हणाला, "उष्णता दुधात लपेल गं, पण जाईल कुठे?" चाचणी परीक्षेत नेमका हाच प्रश्न सोडून आला होता.

तोड साधी निघाली. कॉफी स्टीलच्या वाटीत काढायची आणि ती वाटी गार पाण्याच्या पातेल्यात थोडा वेळ ठेवायची. नाहीतर उरलेल्या कॉफीचेच बर्फाच्या साच्यात खडे करायचे, म्हणजे वितळले तरी कॉफीच होते. मी खडे केले. सासूबाईंनी रात्री अंधारात त्यातले चार पिण्याच्या पाण्यात टाकले आणि पहाटे तीन वाजता कपाट आवरताना सापडल्या. कपाट मात्र छान लागलंय.

आता फर्माइशी. नवऱ्याचं ठरलेलं वाक्य: "बर्फ कमी, दूध जास्त." बर्फ कमी म्हणजे पाणचटपणा कमी, असं त्याचं शास्त्र. प्रत्यक्षात थोडासा बर्फ भराभर संपतो आणि हाती कोमट दूध येतं. मग "गार का नाही?" शिवाय गार जिभेला गोडी कमी लागते, त्यामुळे साखर वाढवून हवी, आणि तीही वरून. वरून घातलेली साखर गार दुधात लवकर विरघळत नाही, नदीच्या वाळूसारखी तळाशी बसते. ती एस्प्रेसो गरम असतानाच ढवळायची असते, किंवा साखर-पाण्याचा समसमान पाक करून ठेवायचा. मी पाक करून ठेवला. त्याने विचारलं, "हे बाटलीत काय आहे, फरशी पुसायचं का?"

नणंद आली की सोयाचं दूध. सोयाचं दूध गरम, आंबूस कॉफीला भेटलं की फाटतं. दोघांची ओळख हळू करून द्यावी लागते. मी घाईत होते. नणंद बराच वेळ ग्लासाकडे बघून म्हणाली, "वहिनी, हे असंच असतं का?" मी "हो" म्हणाले. ती प्यायली. असं माणूस मिळायला भाग्य लागतं.

चिरंजीवांना थर हवेत. तळाला पाक, त्यावर गार दूध, मग बर्फ, आणि बर्फावरून चमच्याच्या पाठीवर अलगद सोडलेली कॉफी. पाक सगळ्यात जड, गार दूध त्याहून हलकं, गरम कॉफी सगळ्यात हलकी, म्हणून रांग टिकते. मी श्वास रोखून रांग लावते. तो अकरा फोटो काढतो आणि मग चमचा घालून सगळं घुसळतो.

सासूबाईंना सगळं चालतं, फक्त कॉफी नको. कपाटाच्या रात्रीपासून. म्हणजे इटालियन अर्थाने घरातली एकमेव खरी लाटे त्यांचीच, आणि ती करायला मला यंत्र लागत नाही.

माझा नंबर शेवटी. रविवारी फ्रीज उघडला तर साचा रिकामा. अगदी रिकामा नाही, एका कप्प्यात एक खडा ठेवलेला होता, म्हणजे साचा भरायची जबाबदारी कुणावर येऊ नये. मी तो खडा तोंडात टाकला, दूध तापवलं आणि गरम कॉफी घेऊन खिडकीशी बसले. घोट घेतला, छान होती. तेवढ्यात नवरा आला.

"एवढ्या उकाड्यात गरम?" म्हणत त्याने माझ्याच कपातून घोट घेतला, थोडा थांबला, आणखी एक घेतला.

"मलाही टाक ना अर्धी," तो म्हणाला. "पण दूध कमी."