भगंदराचे तोंड मिटणे म्हणजे भगंदर बरे होणे नव्हे

‘गुदद्वाराजवळच्या छिद्रातून पू येणे थांबले की भगंदर बरे झाले’ असा मजकूर सध्या फिरत आहे. तो चुकीचा आहे. भगंदर हा बहुधा गुदमार्गातील ग्रंथीच्या संसर्गातून तयार होणारा, आतून त्वचेपर्यंत आलेला मार्ग असतो आणि त्याचे बाहेरचे तोंड काही दिवस मिटले तरी आतला मार्ग तसाच राहिल्याने पू पुन्हा साचतो, ठणका लागतो. प्रतिजैविकांनी संसर्ग आवरतो, मार्ग बुजत नाही. उलट शस्त्रक्रियेनंतर मुद्दाम उघडी ठेवलेली जखम तळापासून हळूहळू भरते. त्यामुळे काही आठवडे थोडा स्राव दिसला म्हणून शस्त्रक्रिया फसली असे (अनेक जण समजतात तसे) मानू नये. ताप आल्यास किंवा वेदना वाढल्यास मात्र शल्यचिकित्सकांना लगेच दाखवावे.