उन्हाळा नावाचं मायनर

आमच्या काळी पदवी घेणं सोपं होतं, कारण त्यात आपल्याला कुणी काही विचारत नसे. बारावीचे टक्के बघून वडील म्हणाले, "कॉमर्स घे." घेतलं. तीन वर्षं दर उन्हाळ्यात परीक्षा दिली, निकाल लागला आणि नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या छापखान्यात वडिलांच्या खुर्चीशेजारी दुसरी खुर्ची आली. शिक्षण आणि रोजगार यांची सांगड म्हणतात ती एवढ्यात उरकली होती.

पोरीला बी.ए.ला घातलं तेव्हा कळलं की आता विचारतात. सारखं विचारतात. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 साली जाहीर झालं आणि 2024-25 पासून ते राज्यातल्या संलग्न कॉलेजांतही आलं, हे मी पेपरात वाचलं होतं. धोरण म्हणजे दिल्ली-मुंबईकडची गोष्ट, अशी माझी समजूत. ते एक दिवस फॉर्मच्या रूपाने आमच्या जेवणाच्या टेबलावर येऊन पडलं. त्यावर मेजर, मायनर, ओई, व्हीएससी, एसईसी, एईसी, व्हीईसी, आयकेएस, सीसी, ओजेटी अशी रांग. मला तो रक्ताच्या तपासणीचा रिपोर्ट वाटला. साखर कुठं लिहिली आहे ते मी खरोखरच शोधलं.

पोरीने शांतपणे समजावलं. मेजर म्हणजे मुख्य विषय, मायनर म्हणजे त्याच्या जोडीचा दुसरा. शिकवण्याचे पंधरा तास म्हणजे एक क्रेडिट. प्रात्यक्षिक असेल तर तीस तासांना एक. सत्राला वीस-बावीस क्रेडिट, तीन वर्षांत 120 ते 132, की झाली पदवी. कमावलेले क्रेडिट 'अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स' नावाच्या सरकारी बँकेत जमा होतात आणि सात वर्षांपर्यंत चालतात.

"आन् व्याज?" आमच्या आईने विचारलं.

व्याज नाही म्हटल्यावर तिचा त्या बँकेतला रस संपला.

इथपर्यंत ठीक होतं. घोटाळा अमेरिकेने केला. माझी बहीण न्यू जर्सीत असते. तिचा मुलगा ज्या कॉलेजात आहे तिथं म्हणे विद्यार्थ्याला स्वतःचं मायनर स्वतः बनवता येतं. वेगवेगळ्या विभागांतले चार-सहा विषय निवडायचे, त्यांचा एकमेकांशी संबंध काय ते दोन पानांत लिहायचं, एखाद्या प्राध्यापकाची सही घ्यायची आणि समितीपुढं ठेवायचं. शिवाय शाळेत असतानाच त्याने 'एपी' नावाच्या परीक्षा दिल्या होत्या. पाचपैकी चार-पाच गुण पडले की बरीच कॉलेजं त्याचे क्रेडिट देऊन टाकतात. म्हणजे पोरगा कॉलेजात पाऊल ठेवायच्या आधीच थोडा शिकून झालेला. वर इंटर्नशिपचेही क्रेडिट. मात्र त्या क्रेडिटची फी कॉलेजला भरायची, असंही काही ठिकाणी असतं. पैसे भरून दुसऱ्याच्या ऑफिसात काम करायचं, हे ऐकून आमचे मशीनमन काका बराच वेळ काही बोललेच नाहीत.

व्हिडिओ कॉल संपला आणि पोरगी म्हणाली, "बाबा, मी पण माझं मायनर बनवणार आहे."

"कशाचं?"

"उन्हाळ्याचं."

मी आधी हसलो, मग तिचा कागद वाचला आणि हसू आवरलं. मेजर तिचं भूगोल. मायनरसाठी तिने मागितलं होतं ते असं: भौतिकशास्त्रातलं उष्णतेचं प्रकरण, समाजशास्त्रातून दुपारी उन्हात राबणारी माणसं, गृहविज्ञानातून पन्ह्यापासून कांद्यापर्यंतचा आहार आणि नागरी प्रशासनातून महापालिकेचा उष्माघात कृती आराखडा. सुरुवातीलाच आकडे होते. 23 मे 2013 ला नागपूरचा पारा 47.9 अंशांवर गेला होता. मे 2024 च्या अखेरीस शहरातल्या एका स्वयंचलित केंद्राने तर 56 अंश दाखवले, आणि यंत्र बिघडलं आहे असं हवामान खात्याने सांगितलं. (त्या दिवशी मी बडकस चौकात स्कूटर लावून उभा होतो. सीटवर परत बसल्यावर माझा विश्वास यंत्रावर बसला.) शेवटी तिने लिहिलं होतं, 'नवतप्यात नऊ दिवस शहर कसं जगतं, हे कोणत्याही एका विषयात बसत नाही.' हे मला पटलं. आम्हा नागपूरकरांचा तर हा अनुभवाचा विषय. यात आमचं अर्धं शहर डॉक्टरेट आहे.

कागद घेऊन आम्ही कॉलेजात गेलो. खिडकीपलीकडच्या बाबूंनी तो उलटसुलट करून पाहिला. त्यांना वाचायचं नव्हतं, शोधायचं होतं.

"याचा कोड?"

"कोड नाही. नवीन आहे ना सर," पोरगी म्हणाली.

"कोड नाही तं पोर्टल घेत नाही न् बाई. उन्हाळा मी बी पाहून राह्यलो ना, मले का कौतुक नाही का? पण पोर्टलले कोड लागते."

बाबू मनाने वाईट नव्हते. त्यांच्या डोक्यावरचा पंखा फिरत नव्हता, म्हणजे विषयाशी त्यांचा संबंध जवळचाच होता. त्यांनी आम्हाला विभागप्रमुखांकडं पाठवलं. प्रमुखांनी कागद वाचला, "व्वा, छान!" म्हणाले आणि टाइमटेबलवाल्या सरांकडं पाठवलं. महाविद्यालयात प्राचार्य, विभागप्रमुख, परीक्षा विभाग असे बरेच अधिकारी असतात, पण खरी सत्ता टाइमटेबल लावणाऱ्याच्या हातात असते, हे मला त्या दिवशी कळलं. तो गृहस्थ भिंतीवरच्या तक्त्यासमोर पेन्सिल घेऊन उभा होता. त्याने मान वळवली नाही. "फिजिक्स साडेसातला. तुमचं मेजर साडेसातलाच. समाजशास्त्राला जागा नाही. गृहविज्ञान आपल्याकडं बंद झालं. ओपन इलेक्टिव्ह दुसऱ्या शाखेचंच घ्यावं लागतं, त्यात दोन उरले आहेत. एक भरलं आहे."

"मग जे उरलं ते ओपन कसं?" मी विचारलं.

त्याने तेव्हा मान वळवली, आणि पोरीने माझी बाही ओढली.

मायनर इतिहास मिळालं. ओपन इलेक्टिव्हमध्ये 'वैयक्तिक अर्थनियोजन' आलं. हा विषय मी घरी अनेक वर्षं शिकवत होतो, कुणी घेत नव्हतं.

पोरगी हार मानणारी नाही, आईवर गेली आहे. तिने स्वयंवर जायचं ठरवलं. (स्वयं हे ऑनलाइन अभ्यासक्रमांचं सरकारी पोर्टल. हा खुलासा आमच्या आईसाठी करावा लागला होता. पोरगी स्वयंवरात निघाली असं ऐकून तिने पंचांग मागितलं होतं.) नियमाप्रमाणे सत्रातले 40 टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम तिथून करता येतात. हवामानावरचा बारा आठवड्यांचा एक कोर्स तिने धरला. शिकणं फुकट, परीक्षेला हजार रुपये. दर आठवड्याला असाइनमेंट, बारांतल्या चांगल्या आठ धरतात, त्याला 25 गुण आणि परीक्षेला 75. रात्री जेवणं झाली की ती हेडफोन लावून बसायची आणि बाष्पीभवनावर मध्येच काहीतरी मोठ्याने बोलायची. परीक्षा दिली, पास झाली, प्रमाणपत्र आलं. आम्ही पुन्हा खिडकीवर.

"आधी परवानगी घेतली होती का?"

"परवानगी कधी घ्यायची असते?"

"कोर्स सुरू व्हायच्या आधी. आपल्या यादीतला कोर्स पाह्यजे."

"यादी कधी लागली?"

बाबूंनी नोटीस बोर्डाकडं पाहिलं. यादी लागली होती. तारीख कोर्स सुरू झाल्यानंतरची होती. आम्ही तिघांनीही ती वाचली आणि तिघंही सभ्य असल्यामुळे कुणी काही बोललं नाही.

मग आली ओजेटी, म्हणजे ऑन जॉब ट्रेनिंग. चार क्रेडिट म्हणजे 120 तास प्रत्यक्ष काम. आता अख्खा वर्ग एकाच वेळी उद्योग शोधायला निघाला. बुटीबोरी आणि हिंगणा एमआयडीसीच्या गेटवर भूगोल, इतिहास, मराठी साहित्य अशा विषयांची पोरं पत्रं घेऊन उभी. तिथले वॉचमन म्हणायचे, "इथं बेअरिंग बनते, साहित्य नाही बनत." शेवटी कॉलेजने सांगितलं, छोटे व्यवसायही चालतील. त्यामुळे एका रात्रीत मी उद्योग झालो. माझा छापखाना म्हणजे दोन मशिनी, एक कटिंग, काका आणि एक मांजर. कॉलेजबरोबर मी जो सामंजस्य करार केला त्याची पानं माझ्या दुकानाच्या भाडेपत्रापेक्षा जास्त होती.

पण स्वतःच्या मुलीला स्वतः प्रशिक्षण द्यायचं नाही, अशी अट होती. योग्यच आहे. मग आम्ही अदलाबदल केली. गल्लीच्या तोंडाशी कूलर बनवणारे भाऊ आहेत, त्यांचा पोट्टा कॉमर्सला. तो माझ्याकडं आला, माझी पोरगी त्यांच्याकडं गेली.

आणि इथं मजा झाली. पोरीला हवं होतं ते मायनर तिला कूलरच्या वर्कशॉपमध्ये सापडलं. कोरड्या हवेत कूलर का चालतो आणि मृग लागला की नुसती ओली हवा का फेकतो, हे कूलरवाल्या भाऊंनी तिला एका दुपारात, हातात खसची ताटी धरून शिकवलं. ती डिलिव्हरीच्या पोरांबरोबर पत्र्याच्या खोल्यांपासून लक्ष्मीनगरच्या बंगल्यांपर्यंत फिरली. कोण कूलर हप्त्याने घेतं, कोण जुन्याला ताट्या बदलून वर्ष काढतं, टाकीला पाणी कुठं येतं आणि कुठं टँकरची वाट पाहतात, सगळं वहीत उतरवलं. भौतिकशास्त्र झालं, समाजशास्त्र झालं, महापालिका तर रोजच झाली. मायनरमध्ये यातलं काही धरता येत नाही, कारण ओजेटी मेजरची असते. रोजच्या लॉगबुकात 'विषयाशी संबंध' असा रकाना होता. कूलर खिडकीत बसवला त्या दिवशी तिने लिहिलं, 'वाऱ्याची दिशा.'

माझ्याकडच्या पोट्ट्याचं लॉगबुक याहून वरचढ. लग्नसराईचे दिवस, पत्रिकांचा ढीग, आणि तो सगळ्यात मन लावून काय करायचा तर आमच्या कूलरच्या टाकीत पाणी भरायचा, रक्ताचाच गुण. लॉगबुकात 'संसाधन व्यवस्थापन: दोन तास.' पत्रिकेत नवऱ्या मुलाच्या काकाचं नाव राहिलं म्हणून भांडायला आलेल्या लोकांना त्याने चहा पाजला, ते झालं 'ग्राहक संबंध.' मी सही करत गेलो.

काकांनी मात्र ते तास आणि क्रेडिटचं गणित मनावर घेतलं. तीस तासांना एक, दिवसाचे आठ तास, वर्षाचे तीनशे दिवस. पत्रिकेच्या वाया गेलेल्या कागदावर त्यांनी हिशेब मांडला. वर्षाला ऐंशी क्रेडिट. म्हणजे दोन वर्षं पूर्ण व्हायच्या आत एक पदवी. आणि काका माझ्या वडिलांच्या काळापासून मशीनवर आहेत.

"भाऊ, माह्या किती डिग्र्या झाल्या असतील?"

"पण काका, तुमच्या लॉगबुकवर सही कुणाची?"

"तुमच्या बाबूजींची होती ना. पगाराच्या वहीत."

120 तास भरले आणि मूल्यमापनाचा फॉर्म आला. तो उद्योगाच्या लेटरहेडवर, शिक्क्यासह हवा. कूलरवाल्या भाऊंकडं लेटरहेड नव्हतं, शिक्का नव्हता. आयुष्यभर त्यांनी पावती वहीच्या पुठ्ठ्यावर लिहून दिली होती. त्यांनी ऑर्डर माझ्याकडं दिली, कंपोज त्यांच्याच पोट्ट्याने केलं, आणि ते काम त्याच्या शेवटच्या तासांत धरलं गेलं. शेऱ्याच्या जागी भाऊंनी लिहिलं, 'पोरगी हुशार. पुढच्या सीझनले पाठवा, पगार देतो.' बाबूंनी तो शेरा नमुन्यात बसत नाही म्हणून परत केला. मग 'समाधानकारक' असा दुसरा छापला.

त्या आठवड्यात किराणावाले, टेलर, फोटो स्टुडिओ, दोन मेडिकलवाले आणि एक रसवंती असे सगळे आमच्याकडं लेटरहेड आणि शिक्क्यांसाठी आले. प्रत्येकाकडं कुणाचं ना कुणाचं पोरगं ओजेटीला होतं. लग्नसराई संपली की आमच्या मशिनी एरवी झाकून ठेवाव्या लागतात. यंदा काका रात्री नऊपर्यंत थांबत होते.

"भाऊ," शिक्क्यांची पिशवी बांधता बांधता ते म्हणाले, "धोरण चांगलं आहे."